डायनॅमिक गूजनेक की पेजिंग माईक : प्रश्नामागची पार्श्वभूमी

शाळा, देवस्थान किंवा बसस्थानकासाठी ध्वनिक्षेपणाची व्यवस्था करताना ‘डायनॅमिक गूजनेक घ्यावा की पेजिंग माईक’ हा प्रश्न हमखास निघतो. वास्तविक डायनॅमिक ही आवाजाची वीज करण्याची पद्धत आहे, गूजनेक ही वाकवता येणारी दांडी आहे आणि पेजिंग हे उद्घोषणेचे काम आहे. एकच माईक या तिन्ही अर्थांनी योग्य ठरू शकतो. मग हे शब्द परस्परांचे पर्याय कसे झाले?

सुरुवातीचे माईक टेलिफोनमधून आले. कार्बनच्या कणांवर आवाजाने हलणाऱ्या पडद्याचा दाब पडला की त्यांचा विद्युतरोध बदलतो, या तत्त्वावर ते चालत आणि त्यांना बॅटरी लागे. १९१५ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी सॅन फ्रान्सिस्कोत ध्वनिवर्धकाचे जाहीर प्रात्यक्षिक केले, तेही टेलिफोनच्या जातीच्या माईकवरच. भारतात स्वातंत्र्यचळवळीतील सभांना ही यंत्रणा मोटवाने कुटुंबाच्या ‘शिकागो रेडिओ’ने पुरवली, गांधीजींच्या अनेक छायाचित्रांत माईकवरची ती पाटी आजही वाचता येते. कार्बनमध्ये मात्र सततची खरखर असे.

ती अडचण चुंबकीय क्षेत्रात हलणाऱ्या तारेच्या वेटोळ्याने दूर केली. वेंटे आणि थुरास यांच्या संशोधनातून १९३१ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकचा ६१८-ए हा डायनॅमिक माईक आला. त्याला बाहेरून वीज लागत नाही, रोध कमी असल्याने संकेत लांब केबलमधून नीट जातो आणि रोजची हाताळणी तो सोसतो. उद्घोषणेला नेमके हेच गुण हवे होते, कारण तिथे एकच माणूस माईकजवळ तोंड नेतो, बटण दाबतो, दोन वाक्ये बोलतो आणि बटण सोडतो. त्यामुळे टेबलावर ठेवायची बैठक, बटण आणि डायनॅमिक कॅप्सूल (आवाज टिपणारा भाग) यांचा संच म्हणजेच पेजिंग माईक, असे समीकरण रुजले.

गूजनेकची वाट निराळी आहे. टेबलावरच्या दिव्यांना वापरली जाणारी ही दांडी माईकला लावता येत होतीच, पण वजनदार टोकामुळे ती खाली झुके. १९६२ मध्ये बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी फॉइल इलेक्ट्रेट माईक, म्हणजे विद्युतभार कायम धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्याचा माईक, सिद्ध केला आणि पुढे पेन्सिलीएवढ्या टोकाचे, सडपातळ मानेचे माईक व्यासपीठांवर आणि सभागृहांत पसरले. त्यांना वीज लागते; तिच्यासाठी १९६६ मध्ये नॉयमान या जर्मन माईक कंपनीने नॉर्वेच्या नभोवाणीकरिता ४८ व्होल्टची फँटम व्यवस्था, म्हणजे माईकच्या केबलमधूनच वीज पुरवण्याची सोय, आणली, कारण तिथल्या स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी तेवढा विद्युतदाब आधीच उपलब्ध होता. हळूहळू गूजनेक म्हणजे इलेक्ट्रेट असा समज इतका पक्का झाला की जुन्या जातीच्या कॅप्सूलचा गूजनेक विकताना ‘डायनॅमिक’ हे विशेषण मुद्दाम जोडावे लागले. माझ्या मते सगळा घोटाळा या विशेषणाशी सुरू होतो.

याचा परिणाम खरेदीत जाणवतो. डायनॅमिक कॅप्सूल इलेक्ट्रेटच्या मानाने बरेच क्षीण संकेत देते, म्हणून तिच्याशी वीतभर अंतरावरून बोलावे लागते. गूजनेक दिसला की वक्ता हातभर दूर उभा राहतो, मग अँप्लिफायरचा आवाज वाढवला जातो आणि शिट्टी वाजू लागते. दोष माईकचा नसतो. व्याख्यानासाठी इलेक्ट्रेट गूजनेकच घ्यावा. पण अँप्लिफायरला फँटम पुरवठा नसेल आणि काम केवळ उद्घोषणेचे असेल, तर बैठकीत बटण असलेला डायनॅमिक गूजनेक पेजिंग माईकचे काम पुरेपूर करतो.