हटवणारे खासदार, निवडणारे सभासद

ब्रिटनमध्ये १९७९ ते २०१० या ३१ वर्षांत चार पंतप्रधान झाले. जुलै २०१६ ते जुलै २०२४ या आठ वर्षांतही चारच, आणि हे चौघेही हुजूर पक्षाचे. ब्रेक्झिट, कोविड, महागाई ही कारणे खरीच, पण पक्षाच्या घटनेतल्या एका बदलाकडे फारसे कोणी बघत नाही.

१९६३ पर्यंत हुजूर पक्षात नेत्याची रीतसर निवडणूकच नव्हती. ज्येष्ठ मंडळी खासदारांचा कानोसा घेत आणि राणीला नाव सुचवत. त्या वर्षी उमराव सभागृहातल्या एका सदस्याला असे पंतप्रधान केल्यावर मोठी ओरड झाली आणि १९६५ पासून खासदार मतदान करू लागले. १९९० मध्ये साडेअकरा वर्षे सत्तेवर असलेल्या पंतप्रधानबाईंना २०४ आणि प्रतिस्पर्ध्याला १५२ मते पडली. नियमाप्रमाणे लागणारी आघाडी अवघ्या चार मतांनी हुकली आणि त्या पायउतार झाल्या. उत्तराधिकारीही त्याच खासदारांनी निवडला. ज्यांनी काढले त्यांनीच नेमले, त्यामुळे नव्या माणसाला सभागृहात आधार होता.

१९९७ च्या दारुण पराभवानंतर पक्षाचे १६५ खासदार उरले. एवढ्या मूठभरांनी नेता का ठरवावा, हा कार्यकर्त्यांचा सवाल रास्त होता. १९९८ मध्ये नियम बदलला: खासदारांनी मतदानाच्या फेऱ्या घेऊन दोन नावे उरवायची, त्यातले एक वर्गणीदार सभासदांनी निवडायचे. नेत्याला काढण्याचा अधिकार मात्र खासदारांकडेच ठेवला. विरोधी बाकांवरच्या पक्षाला हे चालून जाते. पक्ष सत्तेत असताना याच मार्गाने देशाचा पंतप्रधान ठरतो, याचा पुरेसा विचार तेव्हा झाला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

२०१६ मध्ये दुसऱ्या उमेदवाराने माघार घेतल्याने सभासदांच्या मतदानाची वेळच आली नाही. २०१९ मध्ये ती आली. पण नियमाचे खरे दुखणे उघड झाले २०२२ मध्ये. जूनमध्ये पंतप्रधानांनी स्वपक्षीयांचा अविश्वास ठराव २११ विरुद्ध १४८ असा परतवला. महिन्याभरात मंत्र्यांच्या राजीनाम्यांची रांग लागली आणि त्यांना जाणे भाग पडले. वारसाच्या निवडीत खासदारांच्या शेवटच्या फेरीत माजी अर्थमंत्र्यांना १३७, परराष्ट्रमंत्रीबाईंना ११३ आणि तिसऱ्या उमेदवार बाईंना १०५ मते मिळाली. सभासदांनी मात्र ८१,३२६ विरुद्ध ६०,३९९ मतांनी परराष्ट्रमंत्रीबाईंना निवडले. साडेचार कोटींहून अधिक मतदारांच्या देशात हा कौल जेमतेम पावणेदोन लाख सभासदांचा होता, आणि जिंकलेल्या बाईंना पहिली पसंती देणारे खासदार एक तृतीयांशही नव्हते.

२३ सप्टेंबरला करकपातीचा छोटा अर्थसंकल्प आला. पौंड घसरला, सरकारी कर्जरोख्यांचे व्याजदर भडकले, गृहकर्जे महागली. अशा वेळी पंतप्रधानांच्या पाठीशी उभे राहणारे खासदारच नव्हते. २० ऑक्टोबरला राजीनाम्याची घोषणा झाली, कारकीर्द ४९ दिवसांची ठरली. १८२७ मध्ये पदावर असतानाच मृत्यू आलेल्या पंतप्रधानांनाही ११९ दिवस मिळाले होते.

पुढच्या निवडीसाठी पक्षाने किमान १०० खासदारांच्या पाठिंब्याची अट घातली. एकच उमेदवार उरला, सभासदांना विचारावे लागले नाही, आणि उन्हाळ्यात हरलेले माजी अर्थमंत्री २५ ऑक्टोबरला पंतप्रधान झाले. मूळ नियम मात्र तसाच राहिला. २०२४ मध्ये सत्ता गेल्यावर नवा पक्षनेता पुन्हा सभासदांच्याच मतांनी ठरला.