बाणाच्या शेपटीवरचा दिवा

ऑक्टोबर संपत आलेला. पेनसिल्व्हेनियातल्या ओकच्या रानात, जमिनीपासून पंधरा-वीस फूट उंचीवर झाडाला बांधलेल्या मचाणावर एक माणूस दुपारपासून गप्प बसून आहे. पांढऱ्या शेपटीचं हरीण, म्हणजे व्हाइटटेल, बाहेर पडतं ते नेमकं उजेड मावळताना, आणि सूर्यास्तानंतर अर्धा तास बाण सोडायला कायद्याची मुभा आहे. तीस यार्डांवर हरीण थांबतं, बाण सुटतो. आजच्या कंपाउंड, म्हणजे चाकं लावलेल्या धनुष्याचा बाण सेकंदाला २८० ते ३०० फूट जातो, म्हणजे ते अंतर त्याने सेकंदाच्या एक तृतीयांशात कापलं. हरीण उसळलं आणि झाडीत दिसेनासं झालं. बाण लागला का, कुठे लागला, हे मचाणावरच्या माणसाला बहुधा सांगता येत नाही.

मग खाली उतरून आधी बाण शोधायचा. नेम बरोबर असेल तर बाण आरपार जाऊन पलीकडच्या मातीत रुतलेला असतो, आणि माग काढणाऱ्याच्या दृष्टीने पहिला पुरावा तोच. बाणाच्या दांडीवर गुलाबी, फेसाळ रक्त असेल तर फुप्फुस. अर्ध्या तासाने निघालं तरी हरीण जवळच पडलेलं सापडतं. गडद, काळपट लाल असेल तर यकृताला लागलंय. चार-सहा तास थांबायचं. पिसांना हिरवट चिकटा आणि आंबूस वास असेल तर बाण कोठ्यात गेलाय. आठ-दहा तास हलायचं नाही, नाहीतर जखमी जनावर उठून मैलभर पळतं आणि हाती लागत नाही. ही सगळी वाचणी करायला बाण सापडायला हवा. काळ्या दांडीचा बाण, ओकच्या पाचोळ्यात, अंधारात.

या अडचणीवरचा उपाय म्हणजे दिव्याचा नॉक. बाणाच्या मागच्या टोकाला दोरीत अडकणारी जी प्लास्टिकची खाच असते तिला नॉक म्हणतात. आपल्याकडचे तिरंदाजही हाच शब्द वापरतात. ही खाच पारदर्शक करायची, आत एक एलईडी आणि सुईसारखी बारीक लिथियम बॅटरी बसवायची. रात्री गळ टाकून बसणाऱ्यांच्या तरंगत्या दिव्यात जी बॅटरी घालतात तीच ही जात. दोरीचा दणका बसला की नॉक किंचित पुढे सरकतो, आतली जोडणी पूर्ण होते आणि दिवा लागतो. ल्युमेनॉक आणि नॉकटर्नल ही नावं यात सर्वांत जास्त ऐकू येतात. ईस्टन कंपनीच्या ट्रेसरमध्ये धनुष्यावर चिकटवलेलं छोटं चुंबक जवळून जाताना दिवा पेटवायचं. साधा नॉक नऊ-दहा ग्रेनचा, दिव्याचा वीसेक ग्रेनचा. वीस ग्रेन म्हणजे सव्वा ग्रॅमच्या आसपास. अख्खा बाण चारशे ग्रेनचा असतो, तेव्हा वजन तसं किरकोळ. पण ते बाणाच्या शेपटीला वाढतं, तोल मागे सरकतो, आणि चोखंदळ धनुर्धारी त्यावर तासभर बोलू शकतो.

सव्वा ग्रॅमची ही वस्तू, पण तिच्यापायी २०१४ पर्यंत अमेरिकेतल्या धनुष्याच्या शिकारीच्या सर्वांत मानाच्या नोंदवहीत हरणाचं नाव चढत नसे, आणि काही राज्यांत ती लावली तर दंड होई. बॅटरीच्या एका ठिपक्याचं एवढं का वावडं, हे समजायला शंभर वर्षं मागे जावं लागतं.

ऑगस्ट १९११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाच्या कत्तलखान्याजवळ एक उपाशी, एकटा माणूस सापडला. ‘याही’ नावाच्या मूळनिवासी जमातीतला उरलेला तो शेवटचा. त्याला इशी म्हणू लागले. सान फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात त्याला ठेवलं गेलं (या ‘ठेवलं’मध्ये बरंच काही आलं), आणि तिथेच वैद्यकीय शाळेत शस्त्रक्रिया शिकवणारे डॉ. सॅक्स्टन पोप यांची त्याच्याशी गाठ पडली. धनुष्य कसं करायचं, बाण कसा सरळ करायचा, हरणाच्या किती जवळ जायचं, हे पोप त्याच्याकडून शिकले. इशी १९१६ मध्ये क्षयाने गेला. पोप आणि त्यांचे मित्र आर्थर यंग यांनी ती विद्या पुढे नेली. १९२० मध्ये यलोस्टोनमध्ये त्यांनी संग्रहालयासाठी ग्रिझली अस्वलं बाणाने मारली. अमेरिकेतल्या आधुनिक धनुष्य-शिकारीची वंशावळ या दोघांपासून सांगतात. इशीचं नाव त्यात ओझरतं येतं.

धनुष्यासाठी वेगळा हरणांचा हंगाम विस्कॉन्सिनने १९३४ मध्ये सॉक आणि कोलंबिया या दोन काउंट्यांत दिला. हाती लागलेली हरणं नगण्य होती, आणि हंगाम टिकायला नेमकी हीच गोष्ट उपयोगी पडली. हळूहळू इतर राज्यांनीही तसे हंगाम दिले, बंदुकीच्या हंगामाआधी आणि कितीतरी लांब. यात एक न लिहिलेला सौदा आहे: तुम्ही कमकुवत हत्यार घ्या, आम्ही तुम्हाला जास्त दिवस देतो. पुढचे सगळे वाद या सौद्याचे आहेत, असं माझं मत. धनुष्याला एखादी सोय जोडली की जुन्या लोकांच्या पोटात गोळा येतो, कारण उद्या वनखात्याचा माणूस आकडे दाखवून म्हणेल, तुमचं हत्यार आता कमकुवत राहिलं नाही, द्या ते दिवस परत. स्वतःची धनुष्यं स्वतः करणारे आणि त्याच विस्कॉन्सिनमध्ये हरणांमागे फिरणारे आल्डो लिओपोल्ड यांनीही चाळीसच्या दशकात तक्रार केली होती की शिकाऱ्याच्या अंगावर यंत्रं वाढताहेत आणि अंगातलं कसब घटतंय. तेव्हा एलईडी नव्हता, कंपाउंड धनुष्यही नव्हतं.

पोप आणि यंग यांच्या नावाने पोप अँड यंग क्लब उभा राहिला तो १९६१ मध्ये, सिएटलच्या ग्लेन सेंट चार्ल्स यांच्या खटपटीतून. तेव्हा अनेक राज्यांच्या अधिकाऱ्यांना शंका होती की बाणाने मोठं जनावर धड मरतं तरी का, की नुसतं घायाळ होऊन हिंडतं. मारलेल्या जनावरांच्या शिंगांची मापं नोंदवून क्लबला दाखवायचं होतं की धनुष्य पुरेसं समर्थ आहे. नेहमीच्या ठेवणीची शिंगं असलेल्या व्हाइटटेलसाठी नोंदीची किमान पातळी, म्हणजे शिंगांच्या निरनिराळ्या मापांची बेरीज, १२५ इंच. काही वर्षांत याच क्लबच्या पुढे उलटा प्रश्न आला: धनुष्य फार समर्थ होऊ द्यायचं का?

कारण मिसूरीतल्या हॉलेस विल्बर ॲलन यांनी १९६६ मध्ये चाकं आणि दोऱ्या लावलेल्या धनुष्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते मिळालं. हेच कंपाउंड धनुष्य. साताऱ्याच्या अकादमीत घडलेली अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक विजेतेपदं मिळवली ती याच प्रकारात, त्यामुळे मराठी वाचकाला हे धनुष्य पाहून माहीत आहे. पूर्ण ताणल्यावर त्याचा जोर एकदम उतरतो: सत्तर पाउंडांचं धनुष्य ऐंशी टक्के उतार देत असेल तर हातावर चौदा पाउंडच राहतात, आणि हरीण वळेपर्यंत माणूस ताणून उभा राहू शकतो. क्लबने पासष्ट टक्क्यांवर रेघ ओढली. त्यापुढच्या धनुष्याने मारलेलं जनावर २००४ पासून नोंदवहीत आलं, पण नावापुढे तारांकन लावून. तारांकन म्हणजे लग्नाला बोलावलंय, पण पंगत वेगळी.

विजेच्या बाबतीत मात्र अशी मधली वाट नव्हती. क्लबच्या रीतीच्या शिकारीच्या नियमात, ज्याला तिथे फेअर चेस म्हणतात, वाक्य सरसकट होतं: धनुष्याला किंवा बाणाला कुठलंही इलेक्ट्रॉनिक साधन जोडलेलं नको. अनेक राज्यांनीही याच धर्तीवर कायद्यात शब्द घातले. ते लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे अंतर मोजणारी, नेम दाखवणारी यंत्रं असणार. दिव्याचा नॉक त्या जाळ्यात आयताच सापडला. गंमत अशी की नेमदर्शकाच्या टोकावर उजेड गोळा करणारा फायबर ऑप्टिकचा धागा मात्र बिनधास्त चालत होता. तो कातरवेळी नेम धरायला थेट मदत करतो, पण त्यात बॅटरी नाही, म्हणून तो ‘इलेक्ट्रॉनिक’ नाही. नॉक नेमाला काडीची मदत करत नाही, पण त्यात बॅटरी आहे. नियम वस्तू काय आहे हे पाहत होता, ती करते काय हे नाही.

२००० च्या दशकात हे नॉक दुकानादुकानांत दिसू लागले तेव्हा वाद पेटला. बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा सरळ होता: दिवा बाण सुटल्यावर लागतो, तोवर हरणाच्या नशिबाचा फैसला धनुर्धाऱ्याने करून टाकलेला असतो. उलट लाल ठिपका अंगात कुठे शिरला ते दिसतं, बाण सापडतो, किती थांबायचं ते कळतं, जखमी जनावर वाया जात नाही. शिवाय वस्तऱ्यासारखी पाती असलेला बाण कुणाच्या गवताच्या शेतात पडून राहिला तर गुरांच्या पायाला आणि यंत्राच्या टायरला धोका, हेही खरं.

विरोधकांचं ऐकताना मला त्यांचं पहिलं कारण, म्हणजे परंपरा, फारसं पटत नाही. चाकांचं धनुष्य हातात घेऊन परंपरेची बात करणं अवघडच. दुसरं कारण जास्त वजनदार आहे. बाण नक्की सापडणार, ठिपका नक्की दिसणार, या भरवशावर माणूस दिवेलागणीची शेवटची पाच मिनिटं ताणतो, जिथे त्याने धनुष्य खाली ठेवायला हवं होतं. दिवा हरणावर पडत नाही, पण माणसाच्या निर्णयावर पडतो. आणि दिसलेला ठिपका खोटंही बोलतो: अंधारात उसळत्या जनावरावर क्षणभर दिसलेली रेघ ‘फुप्फुसातच’ होती अशी खात्री करून घेऊन घाईने मागावर निघालेले आणि कोठ्याला लागलेलं हरीण उठवून बसलेले लोकही असतात. तिसरा मुद्दा निसरड्या उताराचा: आज नॉक, उद्या नेमदर्शक.

२०१४ मध्ये पोप अँड यंगच्या सभासदांनी बदलाला कौल दिला. दिव्याचे नॉक चालतील, आणि चित्रीकरणाची साधनंही चालतील, पण त्यांनी लक्ष्याकडे उजेड टाकता कामा नये आणि अंतर मोजायला, नेम धरायला किंवा बाण सोडायला मदत करता कामा नये. नॉक आणि कॅमेरा एकाच दमात आत आले हे लक्षात घेण्यासारखं आहे. तोवर शिकारीचे कार्यक्रम टीव्हीवर आणि इंटरनेटवर धंदा होऊन बसले होते, आणि पडद्यावर काळा बाण दिसत नाही. लाल-हिरवी रेघ झकास दिसते. जखमी जनावर वाया जाऊ नये हे कारण खोटं नव्हतं, पण जाहिरातीला ते सोयीचंही होतं.

राज्यांनी आपापल्या चालीने कायदे सैल केले. ओरेगॉनमध्ये आज धनुष्याला-बाणाला इलेक्ट्रॉनिक साधन जोडायला बंदी आहे, अपवाद दिव्याच्या नॉकचा. पण त्या नॉकचं बाण दिसावा याखेरीज दुसरं काही काम असता कामा नये, अशी अट वाक्यातच आहे. एकेकाळी ‘काय जोडलंय’ एवढंच विचारणारा कायदा आता ‘ते काय करतं’ विचारू लागला. परराज्यात शिकारीला जाणारा शहाणा माणूस दरवर्षी त्या राज्याची पुस्तिका वाचतो आणि भात्यात दोन साधे नॉक ठेवतो.

मैदानी तिरंदाजीने हा प्रश्न कधीच असा चघळला नाही. वर्ल्ड आर्चरीच्या नियमात दिव्याचे नॉक सरळ नामंजूर आहेत, म्हणून साताऱ्याच्या मैदानावर ते दिसणार नाहीत. आणि आपल्या रानात तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळ-सांबरावर बाण रोखणं हाच गुन्हा, नॉक पेटो की न पेटो.

निसरड्या उताराची भीती मात्र अगदीच पोकळ निघाली नाही. २०१८ मध्ये गार्मिन कंपनीने झिरो नावाचा नेमदर्शक आणला: बटण दाबलं की लेझरने अंतर मोजतो आणि त्या अंतराचा ठिपका काचेवर आपोआप उमटवतो. पोप अँड यंगच्या अपवादात तो बसत नाही, आणि का बसत नाही हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. तो बाण सुटायच्या आधी काम करतो.

खरी पंचाईत माग दाखवणाऱ्या ट्रान्समीटरच्या बाणांनी केली आहे. पेनसिल्व्हेनियाच्या नियमात बाण शोधायला मदत करणारा दिव्याचा नॉक चालतो, ट्रान्समीटरचा बाण चालत नाही. दोघांत बॅटरी आहे, दोघे बाणावरच बसतात, आणि दोघेही बाण सुटल्यावरच कामाला येतात.