लोकवर्गणी मोबाइलवर कशी आली

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी ४३ फुटांची. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला आणि कोल्हापूरचा बाहेरच्या जगाशी असलेला रस्ता कित्येक दिवस तुटला. चिखली-आंबेवाडीपासून शिरोळ तालुक्यापर्यंत गावेच्या गावे पाण्यात होती. मदत घेऊन निघालेल्या गाड्या वाटेत अडकल्या, पैसे मात्र येत राहिले. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेले कोल्हापूरकर, परदेशातले कॉलेजमित्र, तालमींचे जुने कार्यकर्ते, जो तो आपापल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर खाते क्रमांक आणि यूपीआय आयडी टाकत होता. रस्ता मोकळा झाल्यावर ट्रक आले, त्यांतल्या बऱ्याच गाठोड्यांत कुणाच्याही अंगाला येणार नाहीत असे जुने कपडे होते. जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला तेव्हा ग्रुपवरच्या मेसेजचा सूर बदललेला दिसला: कपडे नकोत, ब्लीचिंग पावडर आणि चटया हव्यात, जमल्यास पैसेच द्या, खरेदी इथे करू, बिले ग्रुपवर टाकू.

दोन वर्षांत आलेली ही जाण केवळ मोबाइलची देणगी नाही. सार्वजनिक कामासाठी लोकांकडे हात पसरणे आणि त्याचा हिशोब चारचौघांत मांडणे या शहराच्या अंगवळणी फार आधी पडले होते.

राजर्षी शाहू महाराजांच्या काळातली वसतिगृहे हे त्यातले सर्वांत ठळक उदाहरण. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पुढच्या काही वर्षांत जैन, मुस्लिम, लिंगायत अशा एकेका समाजाची बोर्डिंगे उभी राहिली. संस्थानाने जागा, इमारती आणि अनुदाने दिली. समाजातल्या लोकांनी फंड जमवले. दरबारचा आधार होता, पण बोर्डिंग ‘आपले’ आहे ही भावना वर्गणीतून आली. जो समाज स्वतःच्या मुलांसाठी चार पैसे बाजूला काढतो, तो त्या चार पैशांचे काय झाले हेही विचारतो.

याच जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेला, हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजला जन्मलेला एक मुलगा पुढे कर्मवीर झाला. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांच्याकडे ना संस्थानाची तिजोरी होती, ना शेठजींचा वरदहस्त. वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. आणि भाऊरावांनी रुजवला तो मुष्टी फंड. घरातल्या बाईने रोज स्वयंपाकाआधी मूठभर धान्य वेगळ्या गाडग्यात टाकायचे, आणि ठरल्या दिवशी ते गोळा करून बोर्डिंगला पोहोचवायचे. ज्या घरात रोकड दिसत नाही, तिथेही ज्वारीची मूठ निघते. मागणी एवढी लहान ठेवायची की नाही म्हणताना माणसाला जड जावे, ही त्यामागची खोल समज. तिकडे अंताजी दामोदर काळ्यांनी स्वदेशी उद्योगांसाठीच्या पैसा फंडाकरिता माणशी एक पैसा मागत महाराष्ट्र पालथा घातला होता. लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिले आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला त्यातून काच कारखाना उभा राहिला. आज ज्याला क्राउडफंडिंग म्हणतात त्याची सगळी अंगे यात आहेत: लहान रक्कम, असंख्य हात, एक ठरलेले काम.

दुसरा धागा पेठांमधल्या तालमी आणि मंडळांचा. वर्गणीचे पावती पुस्तक ज्याने हातात धरले आहे त्याला हे सांगायला नको. पावतीखाली कार्बन, प्रत्येक पानावर छापील क्रमांक, खाली खजिनदाराची सही, आणि दार ठोठावणारी पोरे त्याच गल्लीतली. उत्सव संपला की जमा-खर्चाचा तक्ता फळ्यावर लागतो आणि त्यातली शंभराची चूकही कुणीतरी शोधून काढतोच. या पैशालाही कायद्याची चौकट आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१ क खाली वर्गणी गोळा करण्यासाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते.

पेठेबाहेरच्या माणसापर्यंत पोहोचायचे तर वर्तमानपत्र हवे होते. कारगिल युद्धानंतर कोल्हापूरच्या ‘पुढारी’ने वाचकांकडून निधी जमवून सियाचिनच्या जवानांसाठी रुग्णालय उभारले. ‘लोकसत्ता’ने २०११ पासून ‘सर्वकार्येषु सर्वदा’ उपक्रमात दर गणेशोत्सवात निवडक संस्थांची ओळख करून देऊन वाचकांना धनादेश पाठवण्याचे आवाहन सुरू केले. यात संपादकाची पत तारण असायची. संस्था कधी न पाहिलेला वाचकही धनादेश लिहायचा, कारण कुणीतरी तिथे जाऊन, बघून, छापले होते.

इंटरनेटने सुरुवातीला या साखळीत फारसे काही बदलले नाही. संस्थांसाठी ऑनलाइन देणग्या घेणारे ‘गिव्हइंडिया’ २००० च्या सुमारास सुरू झाले तेव्हा कार्डाने दान करणारा वर्ग मूठभर शहरांपुरता होता. खरी खळबळ उडाली ती फेसबुकमुळे. २००७ मध्ये तिथे ‘कॉझेस’ नावाची सोय आली आणि कुठल्याही कामासाठी एका क्लिकवर हजारो समर्थक जमू लागले. त्यातली सुदानमधल्या दारफूरच्या अत्याचारांविरुद्धची मोहीम फार गाजली. सदस्य १० लाखांहून अधिक, पण देणगी जमली जेमतेम ९० हजार डॉलर. समाजशास्त्रज्ञांनी नंतर तिचा अभ्यास केला आणि २०१४ मध्ये निष्कर्ष मांडला: ९९ टक्क्यांहून अधिक सदस्यांनी एकदाही पैसे दिले नव्हते आणि सुमारे ७२ टक्के लोकांनी दुसऱ्या एकालाही सोबत आणले नव्हते. समाजमाध्यमावर निधी मागायला निघालेल्या प्रत्येक संस्थेने हे आकडे भिंतीवर लावून ठेवावेत असे मला वाटते. लाइक म्हणजे होकार, पावती नव्हे.

त्याच्या उलट बाजूला दोन घटना आहेत. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा अमेरिकेत एका एसएमएसने १० डॉलर देण्याची सोय झाली आणि रेडक्रॉसकडे ३ कोटी डॉलरहून अधिक जमले; रक्कम फोनच्या बिलात लागत असल्याने देताना दुसरे काही करावेच लागत नव्हते. मग २०१४ च्या उन्हाळ्यात आइस बकेट चॅलेंज. डोक्यावर बर्फाचे पाणी ओतायचे, व्हिडिओ टाकायचा आणि तीन ओळखीच्यांची नावे घेऊन त्यांना २४ तासांची मुदत द्यायची. एएलएस या मज्जातंतूंच्या आजारासाठी काम करणाऱ्या अमेरिकन संस्थेला आठ आठवड्यांत ११.५ कोटी डॉलर मिळाले आणि त्या पैशाच्या मदतीने झालेल्या संशोधनातून २०१६ मध्ये आजाराशी निगडित एक जनुक सापडले. लोक बर्फाबद्दल बोलतात, पण मोहिमेचा जीव त्या तीन नावांत होता. दारफूरच्या मोहिमेत आवाहन सगळ्यांना होते, म्हणून ते कुणालाच नव्हते. इथे मित्राने चारचौघांत नाव घेऊन मागितले होते, आणि मागणाऱ्याची ओळख असली की नाही म्हणणे जड जाते. गल्लीतली पोरे पावती पुस्तक घेऊन दारात उभी राहतात तेव्हा हेच घडते. त्याच वर्षी हैदराबादेतून राइस बकेट चॅलेंज निघाले: बर्फाऐवजी बादलीभर तांदूळ गरजूला द्या. मुष्टी फंडाच्या मुलखातल्या माणसाला ते लगेच कळले असणार.

आपल्याकडे अडचण वेगळी होती. ५० रुपये द्यायचे मनात आले तरी ते पाठवायचे कसे? मनीऑर्डरीला दर २० रुपयांमागे एक रुपया कमिशन, धनादेशाला पाकीट-तिकीट, नेटबँकिंगला आधी लाभार्थी जोडा आणि वाट बघा. सप्टेंबर २०१५ मध्ये नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी दुष्काळग्रस्त शेतकरी कुटुंबांसाठी ‘नाम’ फाउंडेशन सुरू केले. लोकांनी भरभरून दिले, पण बहुतेक पैसा बँकेच्या खात्यावर, जुन्या वाटेनेच आला. पुढच्या वर्षात तीन गोष्टी पाठोपाठ घडल्या. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आले, सप्टेंबरात स्वस्त डेटाची स्पर्धा सुरू झाली, नोव्हेंबरात नोटाबंदी झाली. मग किराणा दुकानाच्या काउंटरवर क्यूआर कोड चिकटला, आणि तिथून तो मंडळाच्या मांडवात व संस्थेच्या पत्रकावर गेला. ११ रुपये पाठवायलाही आता काही खर्च उरला नाही. पैसा फंडाची जुनी कल्पना तांत्रिकदृष्ट्या पहिल्यांदाच पूर्ण झाली.

दरम्यान मिलाप (२०१०), केटो (२०१२), इम्पॅक्टगुरू (२०१४) यांसारखी व्यासपीठे रुग्णांसाठी निधी जमवू लागली होती. २०२१ मध्ये स्नायूंच्या एका दुर्मीळ आजारावरच्या १६ कोटींच्या इंजेक्शनसाठी मुंबई आणि पिंपरी-चिंचवडच्या दोन चिमुकल्यांच्या आई-वडिलांनी हाक दिली आणि अनोळखी लोकांनी ती रक्कम जमवून दिली. हे अचाट आहे, आणि त्याचा अभिमान वाटावा असेच आहे. पण त्याच वेळी मला काळजी वाटते ती वर्षानुवर्षे शांतपणे चालणाऱ्या संस्थांची. कोल्हापुरात १९८४ मध्ये नसीमा हुरजूक यांच्या पुढाकाराने अपंगांसाठी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी राहिली ती भेटीगाठी, पत्रे आणि भाषणे यांवर. अशा संस्थांचा खर्च कसा असतो? महिन्याचा किराणा, काळजीवाहिकेचा पगार, व्हीलचेअरचे झिजलेले टायर, वीजबिल. याचा फोटो काढून कुणाचे डोळे पाणावत नाहीत. समाजमाध्यम संकटाला पैसे देते, सातत्याला क्वचितच. मुष्टी फंड नेमका उलटा होता: संकट असो-नसो, रोज एक मूठ.

फसवणुकीचा इतिहासही याच काळातला. मार्च २०२० मध्ये पीएम केअर्स निधी जाहीर होताच त्याच्या अधिकृत यूपीआय आयडीतला शेवटचा ‘एस’ तेवढा वगळून बनावट आयडी फिरू लागला. एका अक्षराचा फरक, तोही घाईत फॉरवर्ड केलेल्या मेसेजमध्ये कुणाच्या लक्षात येणार? क्यूआर कोडचा तर माणसाच्या डोळ्याने अर्थच लागत नाही. म्हणून पैसे पाठवताना पडद्यावर येणारे खातेदाराचे नाव वाचणे हाच त्यातल्या त्यात भरवशाचा उपाय, आणि फसलोच तर लगेच १९३० हा सायबर हेल्पलाइनचा क्रमांक.

कायद्यानेही हळूहळू पकड घट्ट केली. २०१७ पासून रोख दिलेल्या २ हजारांवरच्या देणगीला आयकर कायद्याच्या कलम ८०जी ची करसवलत बंद झाली. परदेशी देणगीचा कायदा २०२० मध्ये कडक झाला. असा पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घेता येतो, आणि त्यासाठी संस्थेची वेगळी नोंदणी लागते. भारतीय पासपोर्ट असलेल्या आखातातल्या भावाने पाठवलेले पैसे यात मोडत नाहीत, पण अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या मावशीने पाठवलेले मोडतात. ग्रुपवर खाते क्रमांक टाकताना हा फरक बहुतेकांच्या गावीही नसतो. आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून तर ८०जी मान्यता असलेल्या संस्थेला प्रत्येक देणगीदाराचा पॅन किंवा तत्सम ओळख क्रमांक आयकर खात्याला कळवावा लागू लागला. निनावी देणग्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या तर धर्मादाय संस्थेला त्या रकमेवर ३० टक्के कर बसतो.

इथे क्यूआर कोडची गोची होते. खजिनदाराच्या फोनवर येते ती ५०१ रुपयांची सूचना, एक व्यवहार क्रमांक आणि एखादा यूपीआय आयडी, ज्यात आडनावही असेलच असे नाही. मग तो नंबर शोधून फोन करतो: दादा, पैसे मिळाले, पावतीसाठी पूर्ण नाव आणि पॅन पाठवता का? काही जण राहू दे म्हणतात. काही जण नाव सांगतात, संस्थेत किती मुले आहेत ते विचारतात आणि दिवाळीत घरच्यांना घेऊन बघायला येतात.