इंग्लंडमधील ग्रामीण पब आणि रिअल एल

इंग्लंडच्या खेड्यात संध्याकाळी चार माणसांनी एकत्र बसण्याची परवानाधारक जागा म्हणजे पब. पूर्ण नाव 'पब्लिक हाउस'. मुंबई-पुण्यात पब म्हटले की कानठळ्या बसवणारे संगीत आठवते. त्याच्याशी याचे नाते नावापुरतेच. इथे शेकोटी असते, कोपऱ्यात कोणाचा तरी कुत्रा झोपलेला असतो आणि चालक बहुधा वरच्याच मजल्यावर राहतो. दारावर चित्रांची पाटी लावण्याची प्रथा जुनी आहे. १३९३ मध्ये दुसऱ्या रिचर्ड राजाच्या काळात ती सक्तीची झाली. 'रेड लायन' हे नाव तर गावोगावी सापडते.

अशा पबची ओळख म्हणजे रिअल एल. ही बिअर भट्टीतून निघते तेव्हा पुरती तयार झालेली नसते. पिंपात जिवंत यीस्ट असते आणि शेवटची आंबवण पबच्या तळघरात होते. आडव्या पिंपाच्या बुचात मऊ, सच्छिद्र लाकडाची खुंटी ठोकतात. तिच्यातून वायू फसफसत बाहेर पडतो. फसफस थांबली की कठीण लाकडाची खुंटी बसवून गाळ खाली बसू देतात. घाई केली की ग्लास गढूळ. गाळ लवकर बसावा म्हणून माशांच्या वाताशयापासून, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीपासून, केलेला आयसिंग्लास वापरण्याची रीत आहे. पालघरच्या कोळ्यांच्या जाळ्यात येणाऱ्या घोळीला सोन्याचा भाव मिळतो तो याच पिशवीमुळे, आणि दारू नितळ करणे हा तिचा एक उपयोग.

बारवरचा लांब दांडा हा हातपंप, आपल्या हापशाचाच चुलता. दोन-तीनदा ओढला की ५६८ मिलिलिटरचा पाइंट भरतो. बिअर वर ढकलायला बाहेरचा वायू लागत नाही. तापमान ११ ते १३ अंश सेल्सिअस. तिला 'कोमट' म्हणून हिणवणाऱ्यांनी एकदा चाखून पाहावी. तो गारवा फ्रिजपेक्षा माठाच्या जवळचा.

खरी अडचण पिंप उघडल्यावर सुरू होते. बिअर जितकी निघते तितकी हवा आत शिरते आणि साधारण तीन दिवसांत चव उतरते. फिर्किन नावाच्या पिंपात ९ गॅलन, म्हणजे ७२ पाइंट मावतात. दिवसाला २४ पाइंट खपले नाहीत तर उरलेले मोरीत. गाव पीत नसेल तर रिअल एल टिकत नाही.

म्हणूनच १९६० च्या दशकात मोठ्या कंपन्यांनी गाळलेली, पाश्चरीकृत, वायूच्या दाबाने येणारी केग बिअर पुढे रेटली. तिला कंटाळलेल्या चार इंग्रज मित्रांनी १९७१ मध्ये 'कॅमरा' ही संघटना काढली, तीही आयर्लंडमध्ये सुट्टीवर असताना! 'रिअल एल' हा शब्द या चळवळीने रूढ केला. वस्तू जुनी, नाव नवे.

गावातले पब मात्र बंद पडतच राहिले. स्वस्त सुपरमार्केट बिअर, वाढती भाडी आणि शहरवासीयांनी विकत घेतलेली सुट्टीची घरे ही त्यामागची कारणे. २०११ च्या लोकलिझम कायद्यामुळे पबची नोंद 'सामुदायिक मूल्याची मालमत्ता' म्हणून करून, तो विक्रीला निघाल्यास बोलीसाठी गावाला मुदत मागता येते. वायव्य इंग्लंडमधील कंब्रियातले हेस्केट न्यूमार्केट हे गाव त्याच्याही आधी जागे झाले. तिथली छोटी भट्टी १९९९ मध्ये सहकारी झाली आणि २००३ मध्ये 'ओल्ड क्राउन' हा पबही गावकऱ्यांनी घेतला. भट्टी पबच्या मागच्याच कोठारात आहे. पिंपाला अंगण ओलांडण्यापलीकडे प्रवास नाही.