मुख्याध्यापक आंतरवासिता

शाळाप्रमुखपदाची तयारी करणाऱ्या शिक्षकाने अनुभवी मुख्याध्यापकाच्या देखरेखीखाली ठरावीक काळ प्रत्यक्ष शाळा चालवण्याची पद्धती. ‘आंतरवासिता’ ही संज्ञा वैद्यकीय शिक्षणातून परिचित आहे. अध्यापक-शिक्षणात ‘छात्रसेवाकाल’ हा शब्दही रूढ होता. ‘आंतरवासिता’चा संबंध ‘अंतेवासी’ (गुरूजवळ राहणारा शिष्य) या शब्दाशी जोडण्याचा मोह होतो; पण पूर्वपदे ‘अंतर्’ व ‘अंते’ अशी भिन्न असल्याने ते साम्य अर्थापुरतेच मानणे सयुक्तिक. शैक्षणिक प्रशासनातील तिचा आरंभ सामान्यतः १९४७ च्या सुमारास अमेरिकेत धरतात. शिकागो आणि ओमाहा या दोन्ही विद्यापीठांची नावे घेतली जातात. पहिलेपणाच्या वादापेक्षा वैद्यकाचा नमुना महायुद्धोत्तर काळात शिक्षणात आला, एवढे म्हणणे अधिक सुरक्षित.

महाराष्ट्रात खाजगी शाळांसाठी १९८१ ची सेवाशर्ती नियमावली लागू आहे. माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकपदासाठी तीत पदवीनंतर किमान ५ वर्षांचे पूर्णवेळ अध्यापन (त्यांपैकी २ वर्षे बी.एड.नंतर) अपेक्षित असून निवड मुख्यतः सेवाज्येष्ठतेने होते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या मानकांनुसार बी.एड.च्या विद्यार्थ्याला २० आठवडे आंतरवासिता करावी लागते. मुख्याध्यापकपदाच्या पात्रतेत तशी अट नाही. पर्यवेक्षक, उपमुख्याध्यापक, प्रभारी या पायऱ्यांवर जे हाती लागेल तेच शिक्षण. ही उणीव गंभीर आहे.

नागपुरात आंतरवासितेचा काळ निवडताना स्थानिक वेळापत्रक पाहावे लागते. उन्हामुळे विदर्भातील शाळा जूनअखेरीस उघडतात. संचमान्यतेसाठी (पटसंख्येनुसार शिक्षकपदांना मिळणारी मंजुरी) मात्र ३० सप्टेंबरची पटसंख्या धरण्याची रीत आहे. प्रवेश, जनरल रजिस्टरमधील नोंदी, आधार-जुळणी ही सारी धांदल त्या तीन महिन्यांत. दिवाळीनंतर आलेल्या आंतरवासीच्या वाट्याला यातले काहीच येत नाही.

खरा कस सकाळी लागतो. प्रार्थना संपते, तीन शिक्षक रजेवर असतात आणि बदली तासांची वही समोर येते. आधीच सलग दोन तास असलेल्या बाईंना तिसऱ्या तासालाही वर्गावर पाठवायचे, की दोन तुकड्या एकत्र बसवायच्या? हा निर्णय आंतरवासीने स्वतः घ्यावा आणि मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांनी त्यावर सविस्तर बोलावे, यातच या पद्धतीचे मोल आहे. शेजारी खुर्ची टाकून नुसते पाहत बसणे पुरेसे नाही. शालार्थ या ऑनलाइन वेतनप्रणालीतील वेतनदेयक मात्र आंतरवासीने तयार करून तपासायला द्यावे, सही मुख्याध्यापकांचीच.