शीतकगळती : जुन्या वाहनांतील निदान

पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनातील कूलंट (शीतक) कोठून व कशामुळे कमी होते, हे शोधण्याची पद्धत. येथील विवेचन मुख्यतः ग्रामीण विदर्भातील जुन्या डिझेल जीप, काळी-पिवळी (प्रवासी वाहतुकीची जीप) व ट्रॅक्टर यांच्यापुरते आहे.

कूलंट म्हणजे पाणी व एथिलीन ग्लायकॉल यांचे, बहुधा समप्रमाणातील, मिश्रण. त्यात गंजरोधके असतात. ग्लायकॉल फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्यूर्त्झ यांनी प्रथम तयार केले. बहुतेक संदर्भ त्यासाठी १८५६ हे वर्ष देतात, काही १८५९ धरतात. मोटारींत त्याचा प्रसार १९२० च्या दशकात झाला, तो थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून. मे महिन्यात पारा ४५° से. ओलांडणाऱ्या चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे उपयोग आहे तो वाढलेल्या उत्कलनबिंदूचा आणि गंजरोधकांचा. तरीही जुन्या गाडीत बोअरचे साधे पाणी भरण्याची रीत टिकून आहे.

गळतीच्या मूळ कारणाबद्दल दोन मते आढळतात. एका मताने दोष पाण्याचा : अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात भूजल खारे असते, क्लोराइडांमुळे ॲल्युमिनियम खड्डे पडून झिजते आणि जड पाण्याचे क्षार साचतात. दुसरे मत उष्णतेने कडक झालेल्या रबरी होजांना (पाण्याच्या नळ्यांना) व सैल पडलेल्या रेडिएटरच्या झाकणाला दोष देते. ॲल्युमिनियमचे हेड (सिलिंडरांवरचे झाकण) व रेडिएटर यांपुरते पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅटच (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून टाकण्याच्या उपायाने डिझेल जास्त लागते आणि गळती तशीच राहते.

तपासणी सकाळी, इंजिन थंड असताना करतात. गरम रेडिएटरचे झाकण उघडल्यास उकळते पाणी अंगावर उडते, शिवाय काही होज-क्लिपा थंड असतानाच गळतात. वॉटर पंपाच्या खालचे छिद्र, होजांची टोके व रेडिएटरचे सांधे येथे वाळलेला पांढरट, हिरवट वा तांबूस ओघळ दिसतो. एसीचे टपकणारे पाणी बिनरंगी असते व बोटांना बुळबुळीत लागत नाही. ओघळ न सापडल्यास हातपंपाने झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी (सुमारे ०.९ ते १.१ बार) हवा भरून दाबमापकाचा काटा उतरतो का ते पाहतात.

काटा उतरला पण बाहेर थेंब नाही, तर ‘इंजिन पाणी खाते’ असे मिस्त्री म्हणतात आणि संशय थेट हेड गॅसकेटवर (हेड व इंजिन यांमधील सांधा बंद ठेवणाऱ्या चकतीवर) जातो. तो नेहमी बरोबर नसतो. गॅसकेट फुटून ज्वलनवायू पाण्यात शिरत असल्यास रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात व थंड इंजिन सुरू करताच होज ताठरतो. वायू ओळखणारा निळा द्रव अशा वेळी पिवळा होतो; डिझेलच्या धुरात कार्बन डाय-ऑक्साइड कमी असल्याने तो हिरवट होऊनही थांबतो. ऑइलच्या झाकणाखालचा दुधाळ थर एकट्याने पुरावा ठरत नाही. थोड्या अंतराच्या फेऱ्यांत, विशेषतः हिवाळ्यात, तो नुसत्या दमटपणानेही धरतो. रात्रभर उभ्या गाडीचा चेंबरचा (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या भागाचा) नट किंचित सैल करणे अधिक खात्रीचे, कारण ऑइलपेक्षा जड असलेले पाणी आधी बाहेर येते.

बऱ्याच ट्रॅक्टरांत लायनरभोवती (पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळकांड्याभोवती) थेट पाणी खेळते (ओले लायनर). लायनरच्या तळाची रबरी रिंग गेल्यास पाणी सरळ चेंबरमध्ये उतरते. बुडबुडे नाहीत, पांढरा धूर नाही. येथे हेड उतरवून नवी गॅसकेट टाकणे व्यर्थ खर्चाचे ठरते. चेंबर खोलून, पाण्याला दाब देऊन कोणत्या लायनरखाली थेंब धरतो ते पाहावे लागते.

रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा चालकांचा उपाय बारीक छिद्र तात्पुरते बुजवतो, मात्र त्याबरोबर अरुंद नळ्याही चोंदतात. तांब्या-पितळेच्या रेडिएटरला डाग देता (झाळता) येतो. सांडलेले ग्लायकॉल गोड व विषारी असल्याने गुरे-कुत्री ते चाटण्याआधी धुऊन काढावे लागते.