बाहीवरून ओळखले जाणारे कार्पेथियन पोलके

रोमानियात कार्पेथियन पर्वताच्या कुशीतील आणि पायथ्याच्या खेड्यांत स्त्रिया जे भरतकाम केलेले पांढरे पोलके पिढ्यान् पिढ्या घालत आल्या, त्याला 'ईये' म्हणतात. जवसाच्या किंवा भांगेच्या तंतूंचे, पुढे सुती, घरच्या मागावर विणलेले कापड सरळ आयताकृती तुकड्यांत कापायचे आणि गळ्याशी चुण्या घालून अंगाला बसवायचे, अशी त्याची बेतणी असल्यामुळे चिंधीसुद्धा फारशी वाया जात नसे.

खरा मान असतो तो बाहीला. खांद्यावर 'आल्तित्सा' नावाचा गच्च भरलेला आडवा पट्टा, त्याखाली बहुधा एकाच रंगात भरलेली अरुंद पट्टी आणि तिथून मनगटाकडे उतरत जाणाऱ्या उभ्या किंवा तिरप्या ओळी. या ओळींना रोमानियन भाषेत 'नद्या' असे नाव आहे. मुस्चेल भागात तांबड्या-काळ्या दोऱ्यांच्या जोडीला जरीसारखा धातूचा धागा चमकतो, तर सिबियूजवळच्या मेंढपाळांच्या गावांत पांढऱ्यावर काळ्याचेच राज्य. त्यामुळे बाई कुठल्या मुलखातली, हे जाणत्याला कपड्यावरूनच कळत असे.

१८६९ मध्ये विवाह होऊन रोमानियात आलेल्या एलिझाबेथ राणीने आणि पुढे मारी राणीने हा ग्रामीण पोशाख राजदरबारात नेला. एक जन्माने जर्मन, दुसरी इंग्लंडमध्ये जन्मलेली. नव्या देशाशी नाते दाखवण्यासाठी दोघींनाही खेड्यातलेच वस्त्र उपयोगी पडले. डोंगरातले पोलके अशा रीतीने राष्ट्राचे चिन्ह झाले, पण 'रोमानियन पोलके' या सरसकट नावाखाली खोऱ्याखोऱ्यांतला फरक पुसट होत गेला, हेही खरे. फ्रेंच चित्रकार आंरी मातीसने १९४० मध्ये याच नावाचे चित्र पूर्ण केले, तेव्हा टप्प्याटप्प्याने तपशील गाळत त्याने भरतकामाच्या मोजक्या, ठसठशीत आकृत्याच शिल्लक ठेवल्या. पॅरिसचा फॅशन डिझायनर इव्ह सें लॉराँ याने १९८१ च्या आपल्या वस्त्रसंग्रहात तेच पोलके फॅशनच्या मंचावर आणले.

२०१३ पासून २४ जून हा दिवस 'ईये'साठी साजरा होतो. २०२२ मध्ये युनेस्कोने आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत रोमानिया व मोल्दोवा या दोन्ही देशांच्या नावे ही कला नोंदवली. त्या नोंदीच्या शीर्षकात पोलक्याबरोबर खांद्यावरच्या 'आल्तित्सा'चाही नावानिशी उल्लेख आहे.